दोन ठोक्यांमधला उंबरठा

परभणीहून परळीकडे जाताना सिंगणापूर मागे पडले की पोखर्णी नृसिंह हे लहानसे स्टेशन लागते. गाडी येते, थोडी गडबड होते, गाडी जाते आणि फलाट पुन्हा निवांत होतो. आपल्याला तो निवांतपणा हवा आहे. तुम्ही तिथे असाल तर उत्तमच. नसाल तर मनाने चला. रुळांपासून दूर, सावली बघून बसा. पाठ टेकवा. दोन्ही पावले जमिनीवर राहू द्या.

आता वर पाहा.

रुळांच्या कडेने लोखंडी खांब एकामागून एक उभे आहेत. प्रत्येक खांबातून एक आडवा हात रुळांवर आला आहे आणि त्याने दोन तारा तोलून धरल्या आहेत. वरची तार किंचित झोळ घेते. खालची सरळ जाते, कारण इंजिनाच्या टपावरचा पेंटोग्राफ तिलाच घासत धावतो. मधल्या बारीक उभ्या तारांनी वरची तार खालचीला उचलून धरते. नजर त्या सरळ तारेवरून सावकाश पुढे न्या. मधूनच एखाद्या खांबाला वजनांची चळत लटकलेली दिसेल. परभणीच्या मे महिन्यात तांबे तापून लांबते तेव्हा ती वजने खाली येतात. पौषातल्या पहाटे तार आखडते तेव्हा वर चढतात. तारेचा ताण मात्र बारा महिने सारखा राहतो. कोणीतरी फार विचाराने हे बसवले आहे.

या तारेत २५,००० व्होल्ट आहेत. ती हलत नाही, लाल होत नाही, बोलत नाही. तिच्यात काही आहे याची एकही खूण डोळ्यांना किंवा कानांना मिळत नाही. ती सांगायला खांबावर कवटीचे चित्र असलेली लाल पाटी लावावी लागते. पाटी वाचून मनात भीती आली तर येऊ द्या. ती घालवायचा प्रयत्न नको. तिच्या मागे काय आहे, ते आज नीट बघू.

नजर खाली आणा. डाव्या हाताचा तळवा वर करा. उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवा. फार दाबू नका. लागलीच सापडली नाही तर बोटे किंचित सरकवा. नाडी लागेल. मोजू नका, नुसती भेटू द्या.

बोटाखाली आलेला हा प्रत्येक ठोका एका विजेच्या लहरीने सुरू झालेला आहे. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, उजव्या कर्णिकेत, पेशींचा एक छोटा पुंजका आहे. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली तो जगापुढे मांडला. त्याला बाहेरून कोणी चेतवावे लागत नाही. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे विद्युतभारित कण पेशीच्या पातळ पडद्यातून आतबाहेर करतात, पडद्याच्या दोन बाजूंमधला दाब बदलतो आणि लहर उठते. हा दाब केवढा, तर एका व्होल्टचा साधारण दहावा भाग. घड्याळातल्या सेलच्या दीड व्होल्टपुढेही तो किरकोळ आहे. एवढ्यावर माणूस जन्मभर चालतो, पळतो, पेरणी करतो, नातवंडांना खांद्यावर घेतो.

लहर दोन्ही कर्णिकांमधून पसरते आणि मधल्या एका गाठीशी येऊन थबकते. ही गाठ १९०६ साली सुनाओ तवारा या जपानी संशोधकाने शोधली. तिथे लहर सेकंदाचा सुमारे दहावा भाग रेंगाळते. वरचे कप्पे रिकामे होऊन खालचे पुरते भरावेत, म्हणून शरीराने हा विलंब ठेवला आहे. मग ती झपाट्याने खाली उतरते, आणि खालच्या कप्प्यांचा, म्हणजे जवनिकांचा, सगळा स्नायू एकदम आवळला जातो. तुमच्या बोटाला जे लागते ते हे आवळणे.

पुढच्या काही ठोक्यांत मनाने एवढेच पाहा: लहर उठली, रेंगाळली, स्नायू आवळला. श्वास आपल्या चालीने चालू द्या.

यानंतर जे घडते ते बोटाला कळत नाही. आवळलेल्या पेशींना पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार व्हायचे असते. सगळ्या पेशी एकाच क्षणी तयार होत नाहीत. काही सावरलेल्या असतात, काही अजून सावरत असतात. ईसीजीच्या पट्टीवर उंच टोकदार रेघ येऊन गेली की एक बसका उंचवटा दिसतो, त्याला टी लहर म्हणतात. हा सावरण्याचा काळ. त्या उंचवट्याच्या माथ्यापाशी पोहोचण्याआधीचा अगदी थोडा वेळ, सेकंदाचे काही शतांश, हृदय सर्वांत नाजूक असते. ते पुरते जागेही नसते आणि पुरते विसावलेलेही नसते. बाहेरून आलेला विजेचा पुरेसा जोरदार धक्का नेमका त्या वेळी पोहोचला, तर तयार झालेल्या पेशी त्याला धरून पेटतात, न झालेल्या त्याला अडवतात, आणि लहर सरळ पसरण्याऐवजी स्वतःभोवती फिरू लागते.

पोखर्णीत बसून या क्षणाचा विचार करताना गावातल्या नृसिंहाची आठवण येणे अटळ आहे. मराठवाड्यातल्या कितीतरी घराण्यांचे हे कुलदैवत, आणि त्याच्याच नावाने स्टेशनही ओळखले जाते. कथा आपण लहानपणापासून ऐकलेली आहे. हिरण्यकशिपूने वर मागून घेतला होता: मरण दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, माणसाकडून नको, पशूकडून नको. त्याने सगळ्या बाजू बंद केल्या, असे त्याला वाटले. उरला तो सांधा. दिवस आणि रात्र यांमधली तिन्हीसांज, आत आणि बाहेर यांमधला उंबरठा. खांब दुभंगला आणि देव त्या सांध्यावर प्रकटला.

कथेतला विजय धर्माचा आहे, आणि हृदयाच्या बाबतीत बळी जाणारा कोणी असुर नसतो, हा फरक मी विसरत नाही. तरीही तिने दाखवलेली जागा मला खरी वाटते. जे दोन्ही बाजूंनी भक्कम आहे ते सांध्यावर उघडे असते. छातीच्या पिंजऱ्यात, स्नायूंच्या आड, पातळ पिशवीत जपलेले हृदयही प्रत्येक ठोक्याला एकदा तिन्हीसांजेतून जाते. दिवसाला सुमारे १ लाख वेळा. आणि प्रत्येक वेळी सुखरूप पलीकडे पोहोचते. बोटे मनगटावर असतील तर एक ठोका धरा, आणि त्याच्या मागोमाग, पुढचा येण्याआधी, ती न जाणवणारी तिन्हीसांज मनाने ओलांडा. आणखी एकदा ओलांडा. घाई नाही.

आता पुन्हा तारेकडे वळू.

तारेतली वीज एका दिशेने वाहत नाही. ती सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे ग्रिड उरलेल्या देशाला जोडले गेले, तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळीकडे एकच चाल चालते. परळीच्या औष्णिक केंद्राचे जनित्र असो की कोयनेचे, जोडलेले प्रत्येक यंत्र त्याच चालीत फिरते. रेल्वे ही वीज ग्रिडमधूनच घेते, आपल्या उपकेंद्रात तिचा दाब २५,००० व्होल्टवर आणते आणि तारेत सोडते.

तुमच्या बोटाखालचा ठोका आणि वरची ही चाल शेजारी ठेवा. नाडी मिनिटाला ७५ असेल तर एक ठोका ०.८ सेकंदाचा. तेवढ्यात तारेतली वीज ४० वेळा पुढे-मागे होते, म्हणजे ८० वेळा शिखर गाठते. हृदयाची तिन्हीसांज सेकंदाच्या काही शतांशांची. तारेतले शिखर सेकंदाच्या दर शतांशाला येते. याचा अर्थ शांतपणे समजून घ्या. वीज अंगातून एका ठोक्याहून कमी वेळ गेली, तर ती नाजूक घडी चुकण्याची शक्यता असते. पूर्ण ठोकाभर राहिली तर ती घडी चुकतच नाही. विजेला नेम धरावा लागत नाही. ती सतत ठोठावत असते आणि हृदयाला त्या घडीतून जाण्यावाचून गत्यंतर नसते.

विजेच्या धक्क्याबद्दल आपण बहुतेक वेळा व्होल्टची भाषा बोलतो: किती व्होल्टचा शॉक बसला. हृदयाला मात्र व्होल्ट कळत नाहीत. त्याला कळतो तो आपल्यातून गेलेला प्रवाह आणि गेलेला वेळ. अँपिअरच्या एका हजारांशाला, म्हणजे १ मिलिअँपिअरला, बोटाला मुंग्या येतात. १० ते १५ ला हाताचे स्नायू असे आवळतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. लोक म्हणतात ‘चिकटला’, ते हेच. ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून ठोक्याहून जास्त वेळ गेले की हृदयाची लय मोडू शकते. घामाने किंवा पाण्याने ओल्या झालेल्या शरीराचा रोध सुमारे १,००० ओहम धरला, तर घरातल्या २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर वाहतात. एवढ्यावर थांबून विचार करा. हृदय थांबवायला रेल्वेची तार लागत नाही. स्वयंपाकघरातला प्लग पुरतो.

लय मोडते म्हणजे काय होते? एखाद्या दिंडीत शंभर टाळकरी असावेत आणि प्रत्येकाने आपापल्या ठेक्यावर टाळ वाजवायला लागावे. टाळ सगळे वाजत असतात, हात कोणाचाच थांबलेला नसतो, पण भजन संपलेले असते. जवनिकांचे तसे होते. स्नायूचा कण न् कण थरथरत असतो आणि रक्ताचा एक थेंबही पुढे ढकलला जात नाही. नाडी जाते. काही सेकंदांत शुद्ध हरपते. बाहेरून पाहणाऱ्याला माणूस गेला असे वाटते, आणि मदत मिळाली नाही तर तो खरोखरच जातो. पण त्या पहिल्या काही मिनिटांत हृदय मेलेले नसते. ते जिवंत असते, फक्त एकत्र नसते.

ही गोष्ट मनात नीट ठरू द्या. पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे.

पंचवीस हजार व्होल्टचे काम वेगळे असते. एवढ्या दाबाखाली त्वचेचा अडथळा क्षणात जळून जातो आणि शरीरातून मिलिअँपिअर नव्हे, कित्येक अँपिअर वाहू शकतात. अशा वेळी हृदय थरथरण्याऐवजी सबंधच्या सबंध आवळून थांबू शकते. प्रवाह तुटल्यावर कधी कधी ते आपसूक पुन्हा सुरूही होते, पण श्वास बंद पडलेला असतो, आणि आतले स्नायू हाडापर्यंत भाजलेले असतात. बाहेरची जखम तळहातावर रुपयाएवढी आणि आतला नाश कोपरापर्यंत, असे असू शकते. वाचलेल्यांनाही अनेकदा अवयव गमवावा लागतो. मेलेल्या स्नायूंतून सुटलेली द्रव्ये मूत्रपिंडे बंद पाडू शकतात. म्हणून असा धक्का बसलेला माणूस उठून बसला, बोलू लागला, तरी त्याला दवाखान्यात न्यायचेच असते आणि हृदयाची लय यंत्रावर पाहत राहायची असते.

आणि तारेला हात लागलाच पाहिजे असे नाही. पुरेसे जवळ गेले की वीज हवेतून उडी मारते. उभ्या मालगाडीच्या टपावर फोटोसाठी चढलेल्या किती तरण्या मुलांचे असे झाले आहे. वर्तमानपत्रात ती बातमी चार ओळींची असते. डब्याच्या टपावर उभ्या राहिलेल्या माणसाचे डोके आणि तार यांत हाताएवढेही अंतर उरत नाही, हे त्या मुलांना कोणी शांतपणे समजावून सांगितलेले नसते. शाळेच्या एका तासात ते सांगता येईल. तो तास रुळांच्या कडेच्या प्रत्येक गावात व्हायला हवा, असे मला फार वाटते.

आता बोटे मनगटावरून काढा. हात मांडीवर ठेवा.

एवढी भयंकर वीज गाडीसाठी कशाला, हा प्रश्न मनात आला असेल. आपल्या देशात विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी धावली, ती १,५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर. मुंबईच्या लोकल पुढे नव्वद वर्षे त्याच विजेवर चालल्या. पण दाब कमी असला की तेवढ्याच कामासाठी प्रवाह जास्त लागतो. सुमारे ६,००० अश्वशक्तीचे आजचे इंजिन १,५०० व्होल्टवर चालवायचे तर ३,००० अँपिअर हवेत. २५,००० व्होल्टवर २०० च्या आसपास पुरतात. प्रवाह कमी म्हणून तार हलकी, आणि उपकेंद्रे दर काही किलोमीटरवर न लागता ४०-६० किलोमीटरवर पुरतात. १९५० च्या दशकाच्या शेवटी फ्रेंच रेल्वेच्या अनुभवावरून भारताने ही पद्धत स्वीकारली. मुंबईचे जुने जाळे टप्प्याटप्प्याने बदलत गेले आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरची शेवटची १,५०० व्होल्टची लोकल धावली. परभणी-परळीसारख्या, कित्येक वर्षे डिझेलचा धूर पाहिलेल्या मार्गांवर तारा आल्या त्या अलीकडे. खांब नवे आहेत आणि त्यांच्या सावलीतून जाणारी माणसे जुनी. गुरे वळताना लांब ओली काठी खांद्यावर टाकायची सवय जुनी. कापसाची गाडी शीग भरून, दोर आवळून फाटकातून न्यायची सवय जुनी. फाटकाच्या दोन्ही बाजूंना जी लोखंडी कमान लावलेली असते, तिची उंची ४.६७ मीटर असते. त्याखालून जे जात नाही ते तारेखालूनही न्यायचे नाही, एवढे ती सांगते.

तारेवर बसलेला पक्षी मात्र मरत नाही. त्याचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात. विजेला त्याच्यातून कुठे जायचे नसते. आपले पाय जमिनीवर असतात. तुमची पावले आत्ता जमिनीवर आहेत, त्यांच्याकडे लक्ष द्या. जमीन आपल्याला धरून असते म्हणून आपल्याला स्थिर वाटते. विजेच्या लेखी तीच परतीची वाट असते. इंजिनातून वापरून झालेली वीज रुळांतून आणि जमिनीतून उपकेंद्राकडे परत जाते. हाताने तार आणि पायाने जमीन जोडली, तर मधल्या वाटेवर हृदय येते.

या तारांवर काम करणारी माणसे ही वाट जाणून असतात. तार दुरुस्त करायची असेल तर आधी नियंत्रकाकडून पॉवर ब्लॉक घ्यायचा. वीज बंद केल्याचा लेखी परवाना हातात आल्याशिवाय कोणी शिडी चढत नाही. परवाना आला तरी तारेला लगेच हात लावायचा नाही. एक लांब डिस्चार्ज रॉड घ्यायचा, त्याच्या केबलचे एक टोक आधी रुळाला घट्ट बांधायचे आणि मगच दुसरे टोक रॉडने तारेला अडकवायचे. कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना असे करायचे. बंद तारेतही शेजारच्या चालू तारेमुळे दाब उतरतो. तो जमिनीत जाऊ द्यायचा. काम झाल्यावर क्रम उलटा: आधी तारेवरचे टोक, शेवटी रुळावरचे. हा क्रम कंटाळ्याने, पावसात, रात्री दोन वाजता, घाईच्या दिवशीही चुकवायचा नसतो. मला या क्रमात मोठी साधना दिसते. ‘वीज बंद आहे’ यावर विश्वास ठेवणे सोपे असते. ती बंद आहे हे प्रत्येक वेळी स्वतः करून घेणे कठीण. डोळे मिटा आणि हा क्रम एकदा मनात करा. आधी रूळ. मग तार. सुटताना आधी तार. मग रूळ.

इथे मनात शेतकरी येतो, कारण त्याच्याकडे यातले काहीच नसते. रात्री लाइट येते. हरभऱ्याला किंवा उसाला पाणी द्यायचे असते. तो अंधारात बांधावरून जातो, पाय चिखलात, एका हातात बॅटरी आणि दुसरा हात स्टार्टरच्या लोखंडी पेटीकडे. पेटीत करंट उतरलेला असेल, अर्थिंगची तार गंजून तुटलेली असेल, तर पुढचे सांगायला नको. ओला माणूस, ओली जमीन, वाट छातीतून. रेल्वेच्या तारेखाली इतका विचार, इतके परवाने. आणि विहिरीवरच्या पेटीला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबीसुद्धा नाही. तो बसवलेला असेल तर गळणारा प्रवाह ओळखून सेकंदाच्या एक-तृतीयांशाहून कमी वेळात वीज तोडतो, म्हणजे एका ठोक्याच्या आत. ज्यांनी तो मोजून बनवला त्यांच्यासमोर हृदयाची ती तिन्हीसांज होती. दिवसा वीज आणि पेटीला हे उपकरण, या दोन गोष्टी मागणे ही चैन नव्हे. रात्रीच्या पाण्याची सक्ती हा मला अन्याय वाटतो, आणि तो सवयीचा झाला म्हणून कमी होत नाही.

मनात राग किंवा दुःख आले असेल तर थोडा वेळ त्याच्यासोबतच बसा. श्वास दोनतीनदा लांब सोडा. पुढचा भाग आशेचा आहे, आणि तो त्याच दुःखातून निघाला आहे.

१८९९ साली जिनिव्हात झ्याँ-लुई प्रेव्हो आणि फ्रेडरिक बातेली यांना कुत्र्यांवरच्या प्रयोगांत एक विलक्षण गोष्ट दिसली. विजेचा लहान धक्का हृदयाला थरथरायला लावतो, आणि मोठा धक्का ती थरथर थांबवतो. त्यांचे निरीक्षण तीसेक वर्षे अडगळीत राहिले. मग अमेरिकेत घरोघर वीज गेली, खांबांवर चढणारे लाइनमन मरू लागले, आणि १९२० च्या दशकात वीजकंपन्यांनी यावर संशोधन व्हावे म्हणून पैसा दिला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले विल्यम कौवेनहोव्हेन या कामात आले. ते डॉक्टर नव्हते, विजेचे अभियंते होते. १९४७ साली क्लीव्हलँडमध्ये क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेत उघड्या छातीच्या एका १४ वर्षांच्या मुलाच्या हृदयाला धक्का देऊन त्याला परत आणले. १९५७ पर्यंत कौवेनहोव्हेन यांच्या गटाने छाती न उघडता बाहेरून धक्का देणारे यंत्र तयार केले. त्याच कामात गाय निकरबॉकर या तरुण अभियंत्याच्या लक्षात आले की यंत्राची जड तबके छातीवर दाबून ठेवली की, वीज सोडण्याआधीच, धमनीतला रक्तदाब थोडा वर जातो. नुसत्या दाबाने रक्त हलत होते. १९६० साली कौवेनहोव्हेन, जेम्स ज्यूड आणि निकरबॉकर यांनी हे प्रसिद्ध केले. आज जगभर शिकवला जाणारा सीपीआर तिथून आला.

खांबावर गेलेल्या, नावेही न उरलेल्या त्या लाइनमनांकडे क्षणभर मन वळवा. फलाटावर चक्कर येऊन पडलेला प्रवासी, लग्नात कोसळलेले आजोबा, शेतातल्या पेटीपाशी पडलेला तरुण, यांतला जो कोणी आज छातीवरच्या हातांमुळे वाचतो, तो त्यांचेही देणे घेऊन उठतो.

मोठा धक्का काय करतो, तेही पाहा. तो हृदयाला ठोकायला लावत नाही. सगळ्या पेशींना एकाच क्षणी गप्प करतो. आणि त्या शांततेत, वर उजव्या कोपऱ्यातला तो जुना पुंजका पुन्हा आपली लहर सोडतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्नार्ड लाऊन यांनी त्यात आणखी एक शहाणपण आणले. लय बिघडलेली पण अजून नाडी असलेल्या रुग्णाला धक्का द्यायचा, तर यंत्राने आधी त्याचा ईसीजी वाचायचा, उंच टोकदार रेघ येण्याची वाट पाहायची आणि तिच्याबरोबरच वीज सोडायची. का, ते तुम्हाला आता माहीत आहे: ती तिन्हीसांज टाळायची असते. वरच्या तारेतली वीज जे कधीच करत नाही ते हे यंत्र करते. ते हृदयासाठी थांबते.

आता शेवटचे काम, आणि ते हातांचे आहे. डोळे उघडा. समोर जमिनीवर एखादी उशी किंवा गुंडाळलेले घोंगडे ठेवा.

आधी मनात जागा पक्की करा. घरात किंवा शेतात कोणी चिकटला असेल तर त्याला हात लावायचा नाही. आधी मेन स्विच पाडायचा. रेल्वेच्या तारेने धरले असेल किंवा तार तुटून पडली असेल तर कोरडी काठीसुद्धा चालत नाही. दूर उभे राहायचे, बाकीच्यांना दूर ठेवायचे, स्टेशन मास्तर किंवा फाटकवाल्याला कळवायचे, १३९ ला फोन करायचा. पडलेली तार मेली असे धरायचे नाही. तिच्यात पुन्हा वीज येऊ शकते. वीज बंद करून तार जमिनीशी जोडल्याचे रेल्वेचा माणूस सांगेपर्यंत जवळ जायचे नाही. आपले माणूस समोर पडलेले असताना असे उभे राहणे किती कठीण आहे, हे मला कळते. तरी उभे राहायचे. दुसरा बळी पहिल्याला वाचवत नाही.

जागा निर्धोक झाली की धावायचे. हाक मारा, खांदे हलवा. प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा नुसतेच आचके येत आहेत, तर कोणाला तरी १०८ लावायला सांगा आणि गुडघ्यांवर बसा. तळहाताचा मनगटाकडचा भाग छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवा. दुसरा हात त्यावर. कोपरे सरळ. खांदे हातांच्या बरोबर वर.

आता समोरच्या उशीवर करा. पाच ते सहा सेंटिमीटर खाली दाबा आणि पुरते वर येऊ द्या. छाती वर येते तेव्हा हृदय भरते. मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे सेकंदाला दोनला थोडे कमी. मोठ्याने मोजा. एक, दोन, तीन, चार. तोंडाने श्वास द्यायचे शिकलेले असाल तर तिसानंतर दोन श्वास द्या. विजेने पडलेल्याचा श्वासही बंद असतो, म्हणून त्याला त्यांचा उपयोग होतो. शिकलेले नसाल तर नुसते दाबत राहा. धक्का देणारे यंत्र येण्यात जाणारे प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी करते. दाबत राहिले तर ती इतक्या वेगाने घसरत नाही. दोन मिनिटांत तुमचे हात दमतील आणि दाब उथळ होईल, तुम्हाला कळले नाही तरी. म्हणून शेजारच्याला आधीच समोर बसवा, आणि मोजणे न तोडता, पुढच्या तिसाला हात बदला. पोखर्णीसारख्या ठिकाणी १०८ ची गाडी पोहोचायला वेळ लागणार, हे धरूनच चला, आणि घरातल्या आणखी दोघांना आज हेच उशीवर करायला लावा.